गुरुवारी वाजलेला हॉर्न

आमच्या बालनाट्य मंडळाचा इतिहास लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिलंच वाक्य असं लिहिलं: ‘कष्टकऱ्यांच्या वसाहतीत सांस्कृतिक हक्कासाठी दिलेल्या प्रदीर्घ लढ्याची ही गाथा आहे.’ बाईंनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे कुणी लढलं गं?"

बाई म्हणजे आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मंडळ त्यांनी काढलं. मी त्यात नवव्या वर्षी झाडाच्या भूमिकेत शिरले आणि अजून बाहेर पडलेले नाही. मधल्या काळात मी लिहायला शिकले ते कंपन्यांच्या गेटबाहेर वाटायच्या पत्रकांतून. कंत्राटी कामगारांची पत्रकं. कागदाची एकच बाजू, ठळक अक्षरं, शेवटी मागण्या. त्यामुळे मला हळू आवाजात लिहिता येत नाही. ज्यांना चालत नसेल त्यांनी दुसऱ्या कुणाचा इतिहास वाचावा.

तर लढा वगैरे काही नव्हता. होता तो गुरुवार.

आमच्या भागातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. शाळांना रविवारी. म्हणजे रविवारी पोरं मोकाट आणि बाप कंपनीत. गुरुवारी बाप घरात आणि पोरं शाळेत. पोर शाळेतून येईपर्यंत बाप जेवून आडवा. त्यात गुरुवार म्हणजे अर्ध्या सोसायटीचा उपास आणि उरलेल्या अर्धीत वशाट बंद. आठवड्यातून एकदा सुट्टी आणि त्याच दिवशी मटण नाही. हा वार ज्याने ठरवला त्याच्यावर मी अजून पत्रक काढलेलं नाही, पण काढणार आहे.

बाईंनी पाहिलं काय, तर रविवारी पोरं पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकांची हवा सोडत बसलेली. त्यांनी ओरडा केला नाही. हवा सोडणाऱ्याला चोर केलं, पकडणाऱ्याला पोलीस केलं, आणि ज्याची हवा गेली त्याची भूमिका करायला कुणी तयार होईना म्हणून स्वतः केली. पुढच्या गुरुवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पोरांनी तेच आपापल्या बापांना करून दाखवलं. बापांना चाकातली हवा कुठे जाते हे त्या दिवशी कळलं. चार पोरांना मार बसला आणि मंडळाची स्थापना झाली.

मंडळाचं ध्येय काय, असं मी बाईंना इतिहासासाठी रीतसर विचारलं. वही-पेन घेऊन. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "गुरुवारी पोराला बाप दाखवायचा आणि बापाला पोर. बाकी सगळं मिश्या नि लुगडी."

मी एक पान मोकळं सोडलं होतं. दीड ओळीत संपलं.

मंडळाने जागा मात्र खूप बदलल्या. पार्किंगमध्ये कुणीतरी मोठी गाडी आणून उभी केली, तेव्हा आम्ही मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर गेलो. तिथल्या नाटकात देव स्वतःच आठवड्याची सुट्टी मागतो, असं पोरांनी दाखवलं. विश्वस्तांनी देवाला सुट्टी दिली नाही, आम्हाला दिली. मग पलीकडच्या वस्तीतल्या विहाराचा व्हरांडा. तिथल्यासारखी माणसं दुसरीकडे कुठे नाहीत. चहा न मागता यायचा, आणि तालमीच्या वेळी दोन म्हातारे खुर्च्या टाकून नटांना सूचना करायचे. पुढे व्हरांड्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका झाली. तिच्या शेजारी राक्षस ओरडणं बरं दिसेना. चौथी जागा आमच्याच सोसायटीचा हॉल. प्रत्येक वेळी कपड्यांची लोखंडी ट्रंक डोक्यावर. हॉलमध्ये ती ठेवली तेव्हा बाईंनी दोन्ही गुडघे धरून सांगितलं की आता ही इथून हलली तर सरळ भंगारवाल्याकडे जाईल, आणि मंडळही तिच्याबरोबर.

त्या गंमत म्हणून बोलत नव्हत्या. त्यांचे गुडघे मी पाहिलेत.

आणि मग चेअरमनना जिम सुचली.

चेअरमन माणूस वाईट नव्हता, हे लिहिताना मला त्रास होतो पण लिहिते. चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. पाण्याच्या टाकीसाठी महापालिकेत खेटे घालून त्याने चपला झिजवल्या आहेत. पण पिंपळे सौदागरला साडूकडे जाऊन आला आणि बिघडला. तिकडे सोसायटीत जिम आहे, आरसे आहेत, पट्ट्यावर पळायची यंत्रं आहेत. इकडे आपल्या हॉलमध्ये काय, तर पोरं शेपट्या लावून नाचतात. दिवसभर लाइनवर उभं राहून पाय सुजलेल्या माणसांना पट्ट्यावर पळवायचं हे त्याच्या डोक्यात बसलं. मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. ‘आरसे नकोत, हॉल हवा!’ प्रत्येक लेटरबॉक्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्याच मंडळातल्या पोरांनी ती सगळी काढून घेतली आणि त्यांच्या तलवारी केल्या. कागद चांगला जाड होता.

हॉल जिमला द्यायचा की नाही यासाठी विशेष सभा ठरली. गुरुवारी, दुपारी दोन वाजता, त्याच हॉलमध्ये. आता आमच्या सोसायटीत सभेला माणसं येत नाहीत, हे चेअरमनला पक्कं माहीत. माणसं येतात ती फक्त पोरांच्या नाटकाला, कारण आपलं पोर पडतं का हे बघायचं असतं. म्हणून तो स्वतः बाईंकडे गेला आणि दोनला सभेच्या सुरुवातीलाच वीस मिनिटांचं नाटक ठेवा म्हणाला, कोरम भरेल. म्हणजे आम्हाला हाकलायच्या ठरावाला लागणारी माणसं आम्हीच नाचून गोळा करायची. मी ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. बाई शांतपणे हो म्हणाल्या. वर त्याला पोहे खाऊ घातले.

मी रात्रंदिवस बसून अकरा पानी संहिता लिहिली. त्यात हॉलचा इतिहास होता, मुलांच्या खेळण्याचा हक्क होता, शेवटी सात मागण्या होत्या. पण मंडळाचा एक जुना नियम आहे: मोठ्यांनी लिहिलेल्यातलं एकच वाक्य नाटकात राहतं, आणि ते पोरं निवडतात. माझ्या अकरा पानांतून त्यांनी ‘आमची मागणी आहे’ एवढं ठेवलं आणि ते एका जाड्या पोराला दिलं. तो दर दोन मिनिटांनी पुढे येऊन छाती काढून म्हणायचा, "आमची मागणी आहे," आणि मग कानात कुजबुजल्यासारखं, "वडापावची." मला तेव्हा अपमान वाटला. आता वाटतं, माझ्या पत्रकांमध्ये तेवढंच कमी होतं.

बाकीचं नाटक पोरांनी रचलं. कंपनीची एक गाडी वार विसरते आणि गुरुवारी येते. घरात कुणी मोठं जागं नसतं म्हणून पोरंच डबे घेऊन कामाला जातात. गेटवर सिक्युरिटी म्हणून एक आठ वर्षांची मुलगी, हातात वही आणि गळ्यात शिट्टी. ती कुणालाही गेटपासशिवाय सोडत नाही, नाटकातही आणि नाटकाबाहेरही.

आणि हॉर्न. हॉर्नबद्दल नीट सांगायला हवं. कंपनीच्या गाड्या आमच्या कोपऱ्यावर येतात तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरची खूण वेगळी असते. सेकंड शिफ्टची चाकणची गाडी सव्वादोनच्या सुमारास येते, आणि तिचा ड्रायव्हर दोन लांब आणि एक तोकडा असा हॉर्न देतो. एकदाच. थांबत नाही. चुकली की स्वतःच्या खर्चाने चाकण, वर लेट. त्यामुळे तो आवाज आमच्या इमारतींमध्ये कानाने ऐकत नाहीत, पायांनी ऐकतात. मी बायकांना पोळी तव्यावर सोडून डबा हातात द्यायला धावताना पाहिलंय.

दहा वर्षांच्या एका मुलीने प्लंबिंगच्या पाइपला फुगा ताणून बसवला होता आणि तिला तो आवाज काढता यायचा. तालमीत बाईंनी तिला बजावलं होतं की हॉर्न नाटकाच्या शेवटी, आणि हळू.

गुरुवार उजाडला. हॉल भरला. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, हे अजून तसंच आहे आणि त्यावरही मला बोलायचंय, पण नंतर. पोरांसाठी पडदे ओढून अंधार केलेला, वर पंखे, पोटात नुकताच वरण-भात. नाटक सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. खुर्च्यांवरच्या माना एकेक करून खाली आल्या. माझे वडील तिसऱ्या रांगेत, तोंड उघडं. चेअरमन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, सभेचे कागद मांडीवर, गाढ झोपलेला.

आणि हॉर्न वाजला. दोन लांब, एक तोकडा. शेवटी नाही, मध्येच. हळू नाही, फुल्ल.

पुढचं फार पटकन झालं. त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला असलेले जेवढे होते तेवढे एकदम उठले. डोळे पूर्ण उघडायच्या आधी पाय चपलेत गेलेले. खुर्च्या पडल्या. माझ्या वडिलांनी शेजारच्याच्या मांडीवरची पिशवी डबा समजून उचलली. सगळ्यांत पुढे चेअरमन. दारातून पंधरा-वीस माणसं कोपऱ्याकडे धावत गेली, आणि जी त्या शिफ्टची नव्हती तीही मागोमाग गेली, कारण एवढी माणसं धावतायत म्हणजे काहीतरी झालंच असणार. मिनिटभरात खुर्च्या रिकाम्या. उरले ते सोसायटीचे सेक्रेटरी, जे शाळेत क्लार्क आहेत आणि ज्यांना कुठलाच हॉर्न लागू नाही.

सतरंजीवर एक बाई खुदकन हसली, आणि मग सगळ्याच.

मी हसले नाही. खोटं कशाला बोलू, मला आधी चीड आली. सुट्टीच्या दिवशी, भरल्या पोटी, स्वतःच्या पोराच्या नाटकातून माणसाला असं उचलून नेणारी ही कसली नोकरी? मी त्याच वेळी मनात पत्रकाचा मथळा लिहायला घेतला होता. माझ्या आईने मला कोपराने ढोसलं आणि विचारलं की ते तुझं सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काय म्हणतं, दुसऱ्या नावाबद्दल.

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक फ्लॅट दोन नावांवर आहे. पहिलं नवऱ्याचं, दुसरं बायकोचं. घर घेताना बाईचं नाव लावलं की सवलत मिळते असं कुणीतरी सांगितलं म्हणून लावलेलं, आणि मग विसरलेलं. सभेत मत पहिल्या नावाचं. पण पहिलं नाव सभेला गैरहजर असेल तर दुसऱ्याला मत देता येतं. हे मी आईला तीन महिन्यांपूर्वी भांडताना ऐकवलं होतं. मला वाटलं होतं ती ऐकत नाहीये.

आई उठली. आयुष्यात सभेत उभी न राहिलेली बाई. पदर सारखा केला आणि सेक्रेटरींना म्हणाली, "काका, आमचे हे कामाला गेलेत. मी हजर आहे. लिहा."

सेक्रेटरी नियमाला इतके पक्के की लिफ्टमध्ये एकटे असतानाही माणसं मोजतात. त्यांनी पुस्तक काढलं, बोटाने ओळ शोधली, रजिस्टर उघडलं. दुसरी बाई उठली. तिसरी. मग रांगच लागली. लातूरकडच्या एका आजी, ज्यांच्या एकटीच्याच नावावर फ्लॅट आहे, त्यांना अध्यक्ष करून पहिल्या रांगेत चेअरमनच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी आधी चहा मागितला.

तेवढ्यात पुरुष परत आले. कोपऱ्यावर गाडी नव्हती, आणि पानटपरीवाल्याने त्यांना वार सांगितला होता. येताना सगळे एकमेकांकडे न बघता चालत होते. हॉलच्या दारात आठ वर्षांची सिक्युरिटी उभी होती. तिच्या दृष्टीने नाटक संपलेलं नव्हतं.

तिने शिट्टी फुंकली. चेअरमनला म्हणाली, "गेटपास?"

चेअरमनने लाडाने तिच्या डोक्यावर हात ठेवून आत सरकायचा प्रयत्न केला. तिने वही आडवी धरली. "लेट आहात. वेळ लिहा. हाफ डे लागंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "सोड की गं बाळा," तर जाड्या पोराने तिच्या शेजारी येऊन छाती काढली आणि आमची मागणी आहे म्हणून सुरू केलं. पुरुष हसायला लागले. तीच चूक झाली. एकदा हसल्यावर पोरांना ढकलून आत जाता येत नाही. माझ्या वडिलांनी दारातून आईला हाक मारली आणि काय चाललंय विचारलं. आईने मान वळवून सांगितलं, "तुम्ही कामाला गेलात ना? मग या रात्री साडेबाराला, नेहमीसारखे."

मतदान झालं. कोरम होता. जिमच्या बाजूने तीन हात वर झाले, त्यातला एक चेअरमनच्या बायकोचा, आणि तिने तो वर करून दाराकडे पाहिलं आणि हळूच खाली घेतला. मग जिम नको म्हणणाऱ्यांचे हात मोजले तेव्हा पुन्हा वर केला. हॉल मंडळाकडे राहिला. बाई एवढा वेळ ट्रंकेवर बसून होत्या. आकडा ऐकल्यावर त्यांनी फक्त ट्रंकेचं कुलूप उघडलं.

चेअरमन आत आला तो तापलेला. सभा बेकायदेशीर आहे, मी तक्रार करणार, आम्ही गैरहजर नव्हतो, दारात होतो. मी पुस्तक घेऊन भांडायला पुढे झाले, गळ्याच्या शिरा वगैरे तयार. सेक्रेटरींनी मला हाताने थांबवलं. त्यांनी चेअरमनला समजावलं की तक्रार जरूर करावी, तो हक्कच आहे, फक्त सभेच्या मिनिट बुकात नोंद करावी लागेल की चेअरमन व इतर सभासद सभा सोडून का गेले. जे झालं तेच लिहावं लागेल. गुरुवार, सुट्टी, लहान मुलीचा पाइप, गाडी. आणि ते वाचून दाखवावं लागेल, पुढच्या सभेत, सगळ्यांसमोर.

चेअरमनने मिनिट बुक आपल्याकडे ओढून घेतलं.

शेवटी तिथे जे लिहिलं गेलं ते असं: ‘काही सभासद कंपनीच्या तातडीच्या कामानिमित्त बाहेर गेले.’ चेअरमनने खाली सही केली. मी आयुष्यात इतका खोटा मजकूर इतक्या आनंदाने वाचलेला नाही.

मी त्या हॉर्नवाल्या मुलीला बाजूला घेतलं. मनात म्हणत होते, हिला कुणी शिकवलं असेल? बाईंनी? पोहे खाऊ घालताना बाईंचा चेहरा जरा जास्तच शांत होता. पण ती रडवेली झाली होती. हॉर्न शेवटी वाजवायचा होता हे तिला माहीत होतं, म्हणाली. माझ्यावर सगळे ओरडणार का, असं विचारलं. मी विचारलं, मग मध्येच का वाजवलास?

"बाबा झोपले होते," ती म्हणाली. "माझा पार्ट येणार होता."

माझं पत्रक, माझा मथळा, माझ्या सात मागण्या. सगळं तिथेच राहिलं. तिने बापाला उठवायला तिला ठाऊक असलेला एकमेव आवाज काढला होता, आणि बाप उठून निघून गेला होता.

मी बाईंना सांगितलं. बाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं की सभा झाली, आता नाटक अर्धं राहिलंय ते होईल. पहिल्यापासून. पुरुष खुर्च्यांकडे निघाले तशी त्या मुलीने पुढे होऊन आपल्या बापाचा हात धरला. प्रेसशॉपमध्ये पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रावर काम करणारा माणूस, हात केवढा. तिने त्याला खुर्चीवर बसू दिलं नाही. भिंतीकडे नेलं, खिडकीशी, आणि उभं राहायला सांगितलं. बसलात की झोपता, म्हणाली.

तो वीस मिनिटं उभा राहिला. हॉर्न शेवटी वाजला, हळू, बाईंनी सांगितला होता तसा. त्याचा एक पाय जागेवरून हलला, मी पाहिलं. पण त्याने खिडकीचा गज धरला आणि थांबला, कारण आता तिचा पार्ट होता.